पाहुणा की घरचा?

आजचं वचन: योहान 15:1-17
सोबत वाचण्यासाठी: योहान 13:1-17, योहान 21:15-19, मत्तय 5:23-24



पुढे जाण्याआधी योहानाच्या पंधराव्या अध्यायातली पहिली सतरा वचनं एकदा वाचून घ्या. पाच मिनिटं लागतील. कंपनीच्या बसमध्ये असाल तर तिथंच वाचा. वाचताना एक शब्द बोटावर मोजा: "राहणं". प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो, आपल्याला त्या वेलाच्या फांद्या म्हणतो, आणि मग एकाच क्रियापदावर पुन्हा पुन्हा येतो. आपण त्याच्यात राहायचं, त्याची वचनं आपल्यात राहू द्यायची, त्याच्या प्रीतीत राहायचं.

मराठीत हा शब्द किती साधा आहे बघा. नवीन माणूस भेटला की आपण विचारतो, "राहायला कुठं?" मी मूळचा कोल्हारचा, नोकरी पुण्यात. सुट्टीत गावी गेलो की प्रवरेच्या पुलापासून घरापर्यंत चार जण तरी विचारतात, "कधी आलास?" जे तिथंच राहतात, त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. येणं वेगळं आणि राहणं वेगळं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं प्रभूशी नातं या "कधी आलास?" प्रकारातलं असतं. रविवारी येतो. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री येतो. आईचा रिपोर्ट यायचा असला की येतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही पद्धत ओळखीची आहे. गरज पडली की कनेक्शन उघडायचं, मागायचं ते मागायचं, उत्तर मिळालं की बंद करायचं. सर्व्हरसाठी ते ठीक आहे. पण फांदी वेलाला अशी जोडलेली नसते. फांदी सकाळी लॉग-इन आणि रात्री लॉग-आऊट करत नाही.

प्रभू येणाऱ्याला कधीच परत पाठवत नाही, हे खरं. थकलेल्यांना, ओझ्याखाली वाकलेल्यांना तोच हाक मारतो. पण अटक होण्याच्या रात्री आपल्या शिष्यांशी बोलताना तो "या" च्या पुढचं सांगतो. आलात ना? मग आता इथंच राहा.

मग राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? दहाव्या वचनात त्याचं उत्तर आहे: त्याच्या आज्ञा पाळायच्या. आणि इथंच आपल्यातले अर्धे जण मोबाईल खाली ठेवतात.

काम कोणाला सांगतात?

"आज्ञा" हा शब्द आपल्याला टोचतो. प्रेमाबद्दल चाललेल्या बोलण्यात मध्येच हा शब्द कुठून आला, असं वाटतं. म्हणजे पाळलं तर प्रेम, नाही पाळलं तर प्रेम बंद? गृहकर्जाच्या हप्त्यासारखं? हप्ता चुकला की बँकेचा फोन?

जरा आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. पाहुणा आला की त्याला खुर्ची मिळते, चहा मिळतो, कपाटातल्या चांगल्या कपबशा निघतात. त्याला कोणी म्हणत नाही, "जरा दळण घेऊन ये." घरच्या पोराला मात्र कोणी बसू देत नाही. मोटर चालू कर, गॅसचा नंबर लाव, आजीच्या गोळ्या आणल्या का? काम कोणाला सांगतात? जो आपला आहे त्याला. सून नवी असते तोवर तिला "तू राहू दे" म्हणतात. ज्या दिवशी सासू हक्कानं "तेवढी कणीक मळ गं" म्हणते, त्या दिवशी ती घरची झालेली असते. आणि हे काम करून ती घरची होत नाही बरं का. ती आधीच घरची झालेली असते, म्हणून काम सांगितलं जातं.

आता या सतरा वचनांतला क्रम बघा. तिसऱ्या वचनात प्रभू शिष्यांना सांगतो की तुम्ही आधीच शुद्ध झालेला आहात. नवव्या वचनात तो म्हणतो की पित्यानं जशी त्याच्यावर प्रीती केली तशीच त्यानं शिष्यांवर केली आहे. केली आहे, करणार आहे नव्हे. पंधराव्यात तो त्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. सोळाव्यात सांगतो की निवड शिष्यांनी केलेली नाही, त्यानं केली आहे. शुद्ध करणं झालं, प्रीती झाली, मैत्री झाली, निवड झाली. आज्ञा या सगळ्याच्या मधोमध बसलेली आहे. ती दारावरची पावती नाही, घरात राहणाऱ्याच्या हातात दिलेलं काम आहे.

आणि सांगणारा स्वतः काय करतो? दोन अध्याय मागं जा. त्याच रात्री, जेवणाच्या वेळी, तो उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. घरातलं सगळ्यात खालचं काम त्यानं आधी स्वतः केलं, मग सांगितलं की तुम्हीही एकमेकांसाठी हेच करा. दहाव्या वचनाचा दुसरा भाग आपण नेहमी गाळतो. तिथं तो म्हणतो की त्यानंही पित्याच्या आज्ञा पाळल्या आहेत आणि तो पित्याच्या प्रीतीत राहतो. आपल्याला सांगितलेली वाट तो स्वतः चालून आलेला आहे. पुढच्याच काही तासांत ती वाट वधस्तंभापर्यंत जाणार होती.

म्हणून आजच्या मननाची एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आज्ञापालन ही ख्रिस्ताच्या घरात शिरण्याची फी नाही, त्या घरात राहण्याची रीत आहे.

धरणात पाणी आहे, चारीचं काय?

आमच्या भागातली शेती पाटपाण्यावर उभी आहे. 1910 ते 1926 या काळात इंग्रजांनी भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधलं. साधारण 11 टीएमसी पाणी मावतं त्यात. धरणातून सोडलेलं पाणी नदीनं खाली येतं, ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळतं, कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत आणि तिथून कोणाच्या तरी उसात, घासात, पेरूच्या बागेत जातं. पाणी वर्षभर वाहत नाही, आवर्तनानं सुटतं. कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलपर्यंत पोहोचणार का, हे पारावरचे नेहमीचे विषय.

कल्पना करा, आवर्तन सुटलंय. कालवा भरून वाहतोय. आणि एका शेतकऱ्याची चारी गाळानं, गवतानं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली आहे. धरण भरलेलं आहे, पाणी सोडलेलं आहे, ते त्याच्या हक्काचंही आहे, तरी त्याचं शेत कोरडं. अशा वेळी धरणाला दोष देऊन काय उपयोग? फावडं घ्यायचं आणि चारीत उतरायचं.

पण एक गोष्ट तो शेतकरीही कधी विसरत नाही. चारी साफ केल्यानं पाणी तयार होत नाही. पाणी वरून येतं. डोंगरात पाऊस पडला म्हणून येतं. याचं काम फक्त वाट मोकळी ठेवायचं.

कृपा आणि आज्ञापालन यांचं नातं मला असंच समजतं. कृपा आपण निर्माण करत नाही. ती कालवरीच्या टेकडीवरून सुटलेली आहे, आणि तिथं आवर्तन बंद होत नाही. पण मनातला राग आपण जपून ठेवला, ऑफिसात एक आणि घरी एक असं दुटप्पी वागत राहिलो, फोनमध्ये कोणाला दाखवता येणार नाही असं काही सांभाळत राहिलो, तर चारी तुंबते. मग आपण म्हणतो, "प्रार्थनेत काही जाणवत नाही रे." वर्शिपची नवी प्लेलिस्ट लावतो, दुसऱ्या चर्चला जाऊन बघतो. एखादा तास बरं वाटतं. सोमवारी परत कोरडं. गाणी वाईट नाहीत. पण गाण्यानं गाळ निघत नाही. त्याला फावडं लागतं, आणि तुमच्या चारीतला नेमका गाळ कुठला, हे पवित्र आत्मा तुम्हाला एकांतात दाखवतो.

काहीच वाटत नाही म्हणजे मी तुटलोय का?

हा प्रश्न तरुणांच्या संगतीत नेहमी येतो. एका मुलानं विचारलं होतं, "दादा, मी प्रार्थना करतो, वचन वाचतो, कोणाचं वाईट करत नाही. तरी आतून काही वाटतच नाही. मी वेलापासून तुटलोय का?" हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं. त्याला "विश्वास कमी पडतोय" असं उत्तर देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण बरोबर नाही. प्रत्येक कोरडेपणा गाळामुळे येत नाही. दुसऱ्या वचनात प्रभू सांगतो की जी फांदी फळ देते तिचीही माळी छाटणी करतो. फळ देणाऱ्या फांदीची. इथं द्राक्षबागायतदारांना विचारावं.

नाशिककडच्या आणि आपल्या भागातल्या द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर बाग बघवत नाही. हिरवा मांडव होता तिथं नुसती खोडं आणि ओलांडे उरतात, वर भर उन्हाळा. नव्या माणसाला वाटेल, बाग गेली. काही आठवड्यांत नव्या काड्या फुटतात, पण त्या बहरात शेतकरी फळ धरत नाही. चुकून एखादा घड आला तर काढून टाकतो. मग ते महिने वाया गेले का? अजिबात नाही. त्याच दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत, पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून तो दिसत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की तोच डोळा फुटतो आणि घड बाहेर येतो. खायला मिळणारा घड हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होतो, पण त्याची सुरुवात मागच्या उन्हाळ्यातच झालेली असते.

आता सांगा, खरड छाटणीनंतरची फांदी वेलापासून तुटलेली असते का? ती तर वेलाच्या सगळ्यात जवळ असते. दिसत नाही एवढंच.

उलटी गोष्टही लक्षात ठेवायला हवी. वेलापासून कापलेली काडी लगेच वाळत नाही. दिवसभर, कधी दोन दिवसही ती हिरवी दिसते. म्हणजे हिरवं दिसणं ही जोडलेलं असल्याची खूण नाही आणि उघडं दिसणं ही तुटल्याची खूण नाही. स्टेजवर गिटार वाजवणारा आतून कापलेला असू शकतो. मागच्या बाकावर गप्प बसलेली, डोळ्यांत पाणीसुद्धा न येणारी मुलगी घट्ट जोडलेली असू शकते. भावनेवरून नाडी बघू नका.

मग कशावरून बघायची? प्रभूनं दिलेली खूण साधी आहे. काही वाटत नसतानाही तू त्याचं ऐकतोयस का? थकून घरी आल्यावर, मनात एकही गोड भावना नसताना, रूममेटची भांडी न कुरकुरता घासलीस का? खोटं बिल लावता आलं असतं तिथं खरं लावलंस का? तर घाबरू नको. रस वाहतोय. डोळ्याच्या आत घड धरतोय.

आपल्याच जिल्ह्यातली एक वाट

आज्ञापालनानं माणूस ख्रिस्ताशी कसा जोडला जातो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जिवंत उदाहरण कोल्हारपासून फार लांब नाही. पूल ओलांडून नगरच्या दिशेनं गेलं की वीसेक किलोमीटरवर राहुरी लागते. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा काही काळ मुक्काम होता.

टिळकांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचले आणि तिथंच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढं लग्नपत्रिकेच्या मजकुरासारखं भराभर सांगता येतं. पण घरात काय झालं? लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या वाढल्या होत्या अतिशय कडक सोवळ्याच्या घरात. वडिलांचं सोवळं इतकं की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्यांच्या लेखी संसार मोडला. लहान मुलाला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या, काही काळ पंढरपुरात. पुढे नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं.

बदल कसा झाला? कोणी वादात हरवलं म्हणून झाला नाही. "स्मृतिचित्रे" मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं आहे की जातीचा विचार करता करता त्यांना उमगलं, ही भिंत देवानं घातलेली नाही, माणसांनी घातली आहे. आणि उमगल्यावर त्या तिथंच थांबल्या नाहीत. यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पुढे काय होणार हे दिसत नव्हतं, सगळ्या शंकाही फिटलेल्या नव्हत्या. जेवढा उजेड मिळाला तेवढं पाऊल त्यांनी टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली.

मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आपण म्हणतो, आधी मला सगळं पटू दे, आधी मला ती जाणीव होऊ दे, मग मी करीन. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पाण्याचा तो घोट आधी आला. योहान 15 च्या बाराव्या वचनात प्रभूनं सगळ्या आज्ञांचं सार एका आज्ञेत सांगितलं आहे: त्यानं जशी आपल्यावर प्रीती केली तशी एकमेकांवर करायची. ही आज्ञा एका सोवळ्यातल्या बाईच्या आयुष्यात पाण्याच्या भांड्याच्या रूपात आली. तिनं ते भांडं हातात घेतलं, आणि ज्याच्या आज्ञेनं घेतलं त्याच्या जवळ ती गेली.

आणि फळ? सोळाव्या वचनात प्रभू टिकणाऱ्या फळाबद्दल बोलतो. टिळक 1919 साली वारले. "ख्रिस्तायन" हे त्यांनी हाती घेतलेलं महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं होतं. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईनं. "स्मृतिचित्रे" तर आज ख्रिस्ती नसलेल्या घरांतही वाचलं जातं, मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत मोजलं जातं. हे सगळं त्या पहिल्या पावलाच्या वेळी कोणाला दिसलं होतं? डोळ्याच्या आतला घड तो.

आणि आपण?

आता थोडं अवघड बोलतो. प्रेमानं बोलतो, समजून घ्या.

ज्या भिंतीतून लक्ष्मीबाई बाहेर आल्या, ती आपल्या मंडळ्यांमध्ये कधी कधी मागच्या दारानं परत येते. सोयरीक जुळवताना "मुलगा प्रार्थनेत आहे का?" याच्या आधी "मूळचे कोण?" हा प्रश्न हळूच विचारला जातो. शहरात आपण म्हणतो, आम्ही असलं काही मानत नाही. पण सोसायटीतल्या मावशींचा चहाचा कप वेगळा असतो. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला उशीर झाला की आपण ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात मॅनेजरशी बोलत नाही. बारावं वचन इथं येऊन उभं राहतं. युवक शिबिरात हात वर करून गाताना ते सोपं असतं. लिफ्टमध्ये, कपाच्या कपाटासमोर आणि लग्नाच्या बोलणीत ते कसाला लागतं.

दुसरी जागा म्हणजे गाव. आपल्यातल्या किती जणांच्या घरी बांधाचं भांडण आहे? दोन फुटांच्या बांधासाठी सख्खे चुलते पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आपण पुण्यात बसून म्हणतो, ते मोठ्यांचं प्रकरण आहे. पण चुलत भावाचा नंबर आपणही ब्लॉक केलेला असतो. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बघा, राग कोणाच्या मनात आहे? भावाच्या. तरी उठायचं कोणी? आपण. हे वचन त्याच डोंगरावरच्या प्रवचनातलं आहे, ज्यानं टिळकांना अडवलं होतं. आपल्याला अडवतं का?

इथं एक सावधगिरी सांगतो, कारण "आज्ञापालन" हा शब्द फार जणांनी आपल्या सोयीसाठी वापरला आहे. कोणी पुढारी म्हणेल, माझं ऐकलं नाहीस तर तू प्रभूपासून तुटशील. घरातलं कोणी म्हणेल, वचनात लिहिलंय म्हणून मार खाऊनही गप्प बस. ही योहान 15 ची आज्ञा नव्हे. ती आज्ञा ओळखायची खूण याच उताऱ्यात आहे. तेराव्या वचनात ती मित्रांसाठी स्वतःचा जीव देणाऱ्याच्या तोंडून येते, दुसऱ्याचा जीव घेणाऱ्याच्या नव्हे. आणि अकराव्या वचनात ती आनंद पूर्ण व्हावा म्हणून दिलेली आहे. जी आज्ञा तुम्हाला भीतीत कोंडते आणि सांगणाऱ्याचंच राज्य वाढवते, ती तपासून बघा. विश्वासातल्या प्रौढ, निःस्वार्थी माणसाशी बोला. जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मदत मागणं हा अविश्वास नाही.

आजच्या दिवसासाठी

मोठे संकल्प करू नका. खरड छाटणीसुद्धा एकेका काडीवरच होते. आज झोपण्याआधी तीन गोष्टी करा.

1. योहान 15:1-17 पुन्हा वाचा, यावेळी हळू. ज्या वचनापाशी मन अडखळेल तिथं थांबा आणि विचारा, "प्रभू, यातलं माझ्यासाठी आजचं काम कोणतं?" उत्तर बहुतेक वेळा आपल्याला आधीच माहीत असतं.

2. ते काम एका वाक्यात लिहा. "मी जास्त प्रेमळ होईन" असं नको. "उद्या दहाच्या आत दादाला फोन करीन" असं लिहा. करता येईल असं, आणि केलं की नाही हे सांगता येईल असं.

3. ते करा. मन तयार होण्याची वाट बघू नका. लक्ष्मीबाईंनी बघितली नाही.

आणि ज्याला हे वाचताना वाटतंय की माझी गोष्ट फार पुढे गेली, मी किती वेळा सोडून गेलो, आता कुठल्या तोंडानं "राहतो" म्हणू, त्याच्यासाठी योहानाचा एकविसावा अध्याय आहे. ज्या रात्री द्राक्षवेलाची ही गोष्ट सांगितली गेली, त्याच रात्री ती ऐकणाऱ्या पेत्रानं पहाट व्हायच्या आत तीनदा प्रभूला नाकारलं. वेलाशी जोडलेलं राहण्याचं प्रवचन ऐकून काही तासही झाले नव्हते. पुढे उठलेला प्रभू समुद्रकाठी त्याला भेटला. आधी कोळशावर भाजलेले मासे आणि भाकर खाऊ घातली. मग तीनदा एकच प्रश्न विचारला: माझ्यावर प्रेम करतोस का? आणि प्रत्येक उत्तरानंतर काय दिलं? काम. माझी मेंढरं सांभाळ.

पेत्राला पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवून ठेवलं नाही. त्याला पुन्हा काम सांगितलं. म्हणजे तो अजून घरचाच होता.

तुम्हालाही आज काही काम सुचतंय का? मग घाबरू नका. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू ख्रिस्ता, तू आम्हाला निवडलेस, शुद्ध केलेस आणि आपले म्हटलेस, यासाठी आम्ही तुझे उपकार मानतो. आमचे येणे-जाणे थांबव आणि आम्हाला तुझ्यात राहायला शिकव. ज्या गाळामुळे तुझी कृपा आमच्या रोजच्या जगण्यापर्यंत पोहोचत नाही, तो आम्हाला दाखव आणि तो काढायला बळ दे. ज्यांच्यावर आज छाटणीचे दिवस आहेत, त्यांना तुझा हात ओळखू दे. ज्यांना तुझ्या नावाने कोणी दाबून ठेवले आहे, त्यांना मोकळे कर आणि खरी माणसे भेटव. आमच्या घरातील, मंडळीतील आणि मनातील भिंती पाड. आजचे एक काम आज करण्याची इच्छा आणि शक्ती आम्हाला दे. तू पित्याच्या प्रीतीत राहिलास तसे आम्ही तुझ्या प्रीतीत राहावे, आणि आमच्या हातून टिकणारे फळ यावे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.